रविंदर मैनी: रुग्णाच्या सांध्यापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि पुन्हा रुग्णाकडे

नौपाडाकर (धागाकर्ता)

आमवाताच्या (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटण्याचा आजार) रुग्णांना आज डे-केअर केंद्रात सलाइनमधून किंवा घरच्या घरी पोटाच्या त्वचेखाली टोचून जी बायोलॉजिक (जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेली) औषधे दिली जातात, ती ज्या मोजक्या माणसांच्या कामामुळे शक्य झाली त्यांत सर रविंदर नाथ मैनी यांचे स्थान फार वरचे आहे. माझ्या पत्नीला हा आजार असल्यामुळे ठाण्यातील अशा अनेक कुटुंबांशी माझा संबंध येतो. औषधांची नावे, त्यांच्या मात्रा, कोणता केमिस्ट ती बर्फाच्या पेटीतून नीट पाठवतो, हे सारे या मंडळींना तोंडपाठ असते. मैनी हे नाव मात्र मला त्यांच्यापैकी कोणाकडूनही ऐकू आले नाही. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. तरीही जे वाचले आणि समजून घेतले ते येथे सविस्तर मांडतो. सभासदांमध्ये डॉक्टर आहेत, औषधनिर्मितीतील मंडळी आहेत. त्यांनी भर घालावी.

मैनींचा जन्म १९३७ साली लुधियानाचा. त्यांचे वडील सर अमर मैनी हे पुढे युगांडाच्या सार्वजनिक जीवनात नावारूपाला आले आणि कंपालाचे पहिले महापौर झाले. त्यामुळे मुलाचे बालपण पूर्व आफ्रिकेत गेले, आणि उच्च शिक्षण केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात व लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये झाले. घराण्याचा तपशील येथेच थांबवतो, कारण मला महत्त्वाची वाटते ती तरुण डॉक्टर म्हणून त्यांनी केलेली विषयाची निवड.

१९६०च्या दशकात आमवाताच्या रुग्णासाठी डॉक्टरकडे फार थोडे होते. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रा, सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने, स्टिरॉइड, विश्रांती, आणि वाकडी होत चाललेली बोटे जागच्या जागी ठेवण्यासाठी स्प्लिंट. हुशार विद्यार्थ्याने हृदयविकाराकडे किंवा शस्त्रक्रियेकडे वळावे असाच तो काळ होता, कारण तेथे रुग्ण बरा होऊन घरी जाताना दिसत असे. अशा वेळी मैनी संधिवातशास्त्राकडे वळले आणि त्यातही प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाकडे. लंडनमध्ये हॅमरस्मिथ येथे १९६५ च्या सुमारास केवळ संधिवाताच्या संशोधनाला वाहिलेली केनेडी इन्स्टिट्यूट उभी राहिली होती. तेथील डडली ड्युमॉन्ड आणि इतर सहकाऱ्यांबरोबर १९६९ साली ‘नेचर’मध्ये मैनींचा एक निबंध प्रसिद्ध झाला. माणसाच्या रक्तातील लिंफोसाइट पेशी उत्तेजित झाल्या की एक द्रव्य बाहेर सोडतात आणि ते द्रव्य इतर पेशींना विभाजित व्हायला लावते, असे त्यात दाखवले होते. पेशी अशी द्रव्ये सोडून एकमेकींच्या वागणुकीवर परिणाम करतात, हा विचार त्या वेळी नवा होता. या द्रव्यांना आज आपण सायटोकाइन म्हणतो. पुढे वीस वर्षांनी जे घडले त्याचे बीज मला या निबंधात दिसते.

ही मधली वीस वर्षे चरित्रलेखांत सहसा एका वाक्यात संपवली जातात. माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहेत. या काळात मैनी चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये रुग्ण तपासत होते, विभाग उभारत होते, विद्यार्थी घडवत होते. आमवात हा चढउतारांचा आजार आहे. कधी काहीही न करता महिना-दोन महिने बरे वाटते, कधी सर्व औषधे वेळेवर घेऊनही अचानक सांधे सुजतात. नव्या औषधाने रुग्णाला आराम पडला की तो औषधामुळे पडला, नव्या डॉक्टरवरील विश्वासामुळे पडला की आजाराच्या ओहोटीमुळे, हे ओळखायला शेकडो रुग्ण वर्षानुवर्षे पाहिलेली नजर लागते.

१९८०च्या दशकाच्या मध्यास मार्क फेल्डमन त्यांच्याबरोबर काम करू लागले. फेल्डमन यांचा जन्म १९४४ साली ल्वोव्ह येथे झाला, लहानपण फ्रान्स व ऑस्ट्रेलियात गेले, आणि प्रतिकारशास्त्राचे शिक्षण मेलबर्नला झाले. दोघांचा प्रश्न एकच होता. आमवातात सांध्याचे अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारचे कूर्चा व हाड खाऊ लागते. त्या अस्तरात कोणकोणती सायटोकाइन असतात आणि त्यांपैकी कोणते अडवले तर उपयोग होईल? शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या अस्तरातील पेशी त्यांच्या गटाने काचपात्रात वाढवल्या. त्या पेशी बाहेरून काहीही न देता दिवसेंदिवस दाहकारक द्रव्ये सोडत राहत. १९८९ साली फियोनुला ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की त्यांपैकी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ, हे एकच द्रव्य प्रतिपिंडाने (नेमक्या एका द्रव्याला चिकटणाऱ्या प्रथिनाने) निष्प्रभ केले तर इंटरल्यूकिन-१ या दुसऱ्या तितक्याच उपद्रवी द्रव्याची निर्मितीही घटते.

या निष्कर्षाचे वजन समजण्यासाठी त्या वेळचा सर्वसाधारण समज लक्षात घ्यावा लागतो. सांध्यात इतकी सायटोकाइन एकाच वेळी असतात की एक अडवले तर दुसरे त्याची जागा घेणार, तेव्हा एकावर औषध करणे व्यर्थ आहे, असे बहुतेक जाणकार मानत. ब्रेनन यांच्या प्रयोगाने या समजाला पहिला धक्का दिला. १९९१ साली ग्रीसमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने माणसाचे टीएनएफ अति प्रमाणात तयार करणारे उंदीर घडवले आणि त्या उंदरांना सांधेदाह झाला. १९९२ साली केनेडी इन्स्टिट्यूटमधील रिचर्ड विल्यम्स यांनी सांधेदाह झालेल्या उंदरांत टीएनएफविरोधी प्रतिपिंड वापरून आजार कमी होतो हे दाखवले.

त्याच वर्षी मैनींनी टीएनएफविरोधी प्रतिपिंड माणसांना दिले. चेरिंग क्रॉसमध्ये २० रुग्ण निवडले गेले. सर्वांचा आजार जुना होता आणि आधीची औषधे निष्फळ ठरलेली होती. सेंटोकॉर या अमेरिकन कंपनीकडे टीएनएफविरोधी प्रतिपिंड होते, पण ते जंतुसंसर्गाने होणाऱ्या सेप्सिस या जीवघेण्या अवस्थेसाठी तयार झालेले होते. सांध्यांसाठी ते वापरावे हे कंपनीला या गटाने पटवून दिले. सहाव्या आठवड्यापर्यंत सुजलेल्या सांध्यांची मध्यांक संख्या १८ वरून ५ वर आली. हेच औषध पुढे इन्फ्लिक्सिमॅब म्हणून ओळखले गेले.

सन्मान पुढे आले, आणि ते दोघांना मिळून आले: २००० साली क्राफोर्ड पारितोषिक, २००३ साली लास्कर पारितोषिक. २००३ सालीच मैनींना सर ही पदवी मिळाली. माझा मुद्दा असा आहे की ही कारकीर्द प्रयोगशाळेची म्हणून सांगितली जाते, पण ती मुळात एका रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरची आहे, आणि त्या अंगाने ती वाचली पाहिजे. यावर मतभेद असतील तर जरूर मांडावेत.

कळवेकर

नौपाडाकर, धागा अत्यंत वाचनीय झाला आहे. मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, संधिवाततज्ज्ञ नाही, पण माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोजच सांधेदुखीचे रुग्ण असतात, म्हणून काही भर घालतो.

तुम्ही उल्लेख केलेल्या २० रुग्णांच्या चाचणीत सर्वांनाच औषध दिले होते आणि ते डॉक्टर व रुग्ण दोघांनाही माहीत होते. असे निष्कर्ष कितीही उत्साहवर्धक असले तरी त्यांवर थांबता येत नाही. मैनींच्या कारकिर्दीतील मला सर्वांत आदरणीय वाटणारा भाग पुढचा आहे. त्यांनी लगेच दुहेरी अंधपद्धतीची, म्हणजे कोणाला काय मिळते हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही माहीत नसलेली, चाचणी हाती घेतली. लंडन, लायडन, व्हिएन्ना आणि एर्लांगेन या चार ठिकाणी मिळून ७३ रुग्ण घेतले गेले आणि त्यांना चिठ्ठ्यांच्या पद्धतीने तीन गटांत वाटले. एका गटाला औषधाविना सलाइन, दुसऱ्याला कमी मात्रा आणि तिसऱ्याला मोठी मात्रा, तीही फक्त एकदाच. चार आठवड्यांनी पाहिले तेव्हा औषध न मिळालेल्या २४ पैकी २ जणांना ठरलेल्या निकषाइतका आराम होता, कमी मात्रेच्या २५ पैकी ११ जणांना आणि मोठ्या मात्रेच्या २४ पैकी १९ जणांना. मात्रा वाढली तसा परिणाम वाढला, आणि तोही इतक्या स्पष्टपणे. हा निबंध १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्यानंतर टीएनएफबद्दलचा वाद जवळजवळ मिटला.

मात्र औषधाचा परिणाम काही आठवड्यांनी ओसरत असे, आणि पुन्हा पुन्हा दिल्यावर काही रुग्णांच्या शरीरात त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होत. येथे मैनींच्या गटाने जे केले ते रोज प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्या डॉक्टरलाच सुचावे असे आहे. मेथोट्रेक्सेट हे आधीपासून वापरात असलेले स्वस्त औषध आठवड्यातून एकदा लहान मात्रेत बरोबर दिले, तर ही विरोधी प्रतिपिंडे कमी बनतात आणि गुण जास्त टिकतो, हे त्यांनी १०१ रुग्णांच्या चाचणीत दाखवले. ते १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यावर उभारलेल्या ४२८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, जिचे प्रमुख लेखकही मैनीच होते, तीस आठवड्यांनी नुसत्या मेथोट्रेक्सेटवर असलेल्या रुग्णांपैकी २० टक्क्यांना ठरावीक सुधारणा दिसली, तर दोन्ही औषधे नेहमीच्या मात्रेत घेणाऱ्यांपैकी सुमारे ५० टक्क्यांना. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्षभरानंतरच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज थांबलेली दिसली. दुखणे कमी करणारी औषधे आधीही होती. सांधा वाचवण्याचे इतके ठोस पुरावे त्यापूर्वी फार थोड्या औषधांबाबत होते.

जाता जाता एक सूचना, कारण हे वाचणाऱ्यांत रुग्णही असतील. मेथोट्रेक्सेट हे आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचे औषध आहे. ते चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते. घरातील ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या डबीवर वार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

येऊर

लेख माहितीपूर्ण आहे, पण मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. अशा लेखनात नेहमी एका किंवा दोन थोर व्यक्तींच्या नावावर सर्व काही जमा होते. इन्फ्लिक्सिमॅबचे मूळ प्रतिपिंड न्यूयॉर्क विद्यापीठात यान व्हिल्चेक आणि जुनमिंग ले यांनी घडवले. टीएनएफ हे द्रव्य १९७५ साली लॉइड ओल्ड यांच्या गटाने ओळखले. काचपात्रातील निर्णायक प्रयोग ब्रेनन यांचा, उंदरांतील पुरावा कोलियास आणि विल्यम्स यांचा. कंपनीत औषध उपलब्ध करून देणारे जेम्स वुडी हे पूर्वी फेल्डमन यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेले होते, म्हणून तो दरवाजा उघडला. मग मैनींकडे काय उरते? मी हे खोडसाळपणे विचारत नाही. विज्ञानाचा इतिहास सामूहिक असतो, आणि ज्येष्ठ डॉक्टरच्या गौरवात तरुण संशोधकांचे श्रम दिसेनासे होतात, ही माझी खरी तक्रार आहे.

नौपाडाकर

येऊर, तुमची यादी बरोबर आहे आणि ती येथे नोंदली गेली याचा मला आनंद आहे. फियोनुला ब्रेनन यांचे २०१२ साली अकाली निधन झाले. त्यांचे नाव या इतिहासात ठळकपणे यायलाच हवे, म्हणूनच मी ते मूळ लेखात घेतले होते.

तरीही ‘मैनींकडे काय उरते’ या प्रश्नाला माझे उत्तर आहे. टीएनएफविरोधी प्रतिपिंड त्या वेळी एकापेक्षा अधिक कंपन्यांकडे होते आणि सर्वांचे लक्ष सेप्सिसकडे होते. तेथे ते चालले नाही. हे द्रव्य शरीरात जंतूंशी लढताना लागते, ते दीर्घकाळ अडवले तर रुग्णाला संसर्ग होईल ही भीती खरी होती. आमवाताने रुग्ण लगेच मरत नाही; तेव्हा जिवाला धोका नसलेल्या आजारात असे धोक्याचे औषध का द्यावे, हा आक्षेप कोणीही घेऊ शकत होता. अशा वेळी कोणत्या रुग्णाला ते देणे योग्य, किती द्यायचे, काय मोजायचे, केव्हा थांबायचे, आणि काही विपरीत झाले तर त्या माणसासमोर कोण उभे राहणार, या सर्वांची जबाबदारी एका माणसाला घ्यावी लागते. ती मैनींनी घेतली. १९९० पासून केनेडी इन्स्टिट्यूटच्या संचालकपदाचा भार सांभाळत असताना घेतली. प्रयोगशाळेतील पुरावा कितीही भक्कम असला तरी हा निर्णय काचपात्रात होत नाही. आमवाताने रुग्ण लगेच मरत नसला तरी त्याचे हात, नोकरी आणि आयुष्याची वर्षे हळूहळू जातात, हे ज्याने दोन दशके रोज पाहिले त्यालाच तो धोका पत्करण्यासारखा वाटू शकतो.

ऐरोलीकर

मी या आजाराची रुग्ण आहे आणि शाळेत शिक्षिका आहे. नौपाडाकर काकांच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल त्यांचे मनापासून आभार.

मला सुरुवातीला सकाळी फळ्यावर लिहिताना खडू धरता येत नसे. दहा-अकरा वाजले की हात मोकळा होई. कोणी कॅल्शियम दिले, कोणी वयाचे कारण सांगितले, तेव्हा मी चाळिशीही गाठली नव्हती. आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून आमवात नाही असेही मला सांगण्यात आले. पुढे एका संधिवाततज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला की सकाळी उठल्यानंतर सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो, आणि मग प्रत्येक बोटाचा सांधा दोन बोटांत धरून हलकेच दाबून पाहिला. अँटी-सीसीपी ही रक्ताची दुसरी तपासणी त्यांनी सांगितली आणि निदान झाले. तोवर डाव्या मनगटाची हालचाल कमी झाली होती, ती परत आलेली नाही.

बायोलॉजिक सुरू करण्यापूर्वी माझी मँटूची चाचणी आणि छातीचा एक्स-रे केला होता, क्षयरोगासाठी. तेव्हा कारण नीट कळले नव्हते. कोणी सांगू शकेल का?

कळवेकर

ऐरोलीकर ताई, प्रश्न महत्त्वाचा आहे आणि धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेला आहे.

क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात सुप्त अवस्थेत असतात. शरीर त्यांच्याभोवती पेशींचा वेढा घालून त्यांना कोंडून ठेवते आणि तो वेढा टिकवण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. टीएनएफ अडवले की वेढा सैल होतो आणि जंतू पुन्हा वाढू लागतात. औषध बाजारात आल्यानंतर, २००१ साली, अमेरिकेतील औषध नियामकांकडे आलेल्या नोंदींवरून ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० क्षयरुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना क्षय फुप्फुसाबाहेर झाला होता आणि बहुतेकांना तो पहिल्या तीन मात्रांच्या आतच झाला होता. त्यानंतर जगभर आधी तपासणी, गरज पडल्यास क्षयाचा प्रतिबंधक उपचार, आणि मग बायोलॉजिक हा क्रम रूढ झाला. आपल्या देशात सुप्त क्षयाचे प्रमाण मोठे असल्यामुळे येथे तो क्रम अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो. उपचार चालू असताना दीर्घकाळ ताप, वजन घटणे किंवा मानेत गाठ आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

आणि आरए फॅक्टरबद्दल: तो निगेटिव्ह असलेले आमवाताचे रुग्ण पुष्कळ असतात, आणि तो पॉझिटिव्ह असूनही आमवात नसलेलेही असतात. सांधे हाताने तपासण्याला पर्याय नाही.

घोडबंदर

स्टिरॉइडच्या शोधाच्या वेळीही असाच चमत्कार झाल्याचे म्हटले गेले होते ना? मग यात वेगळे काय?

कळवेकर

तुलना योग्य आहे. मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच हेही रुग्ण तपासणारे संधिवाततज्ज्ञच होते. कावीळ झाल्यावर किंवा गरोदरपणी आमवाताच्या स्त्रियांना आराम पडतो हे त्यांनी १९२९ पासून टिपून ठेवले होते, आणि शरीरातच असे काही द्रव्य तयार होत असावे हा तर्क त्यांनी जवळजवळ वीस वर्षे सोडला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी वेगळे केलेले द्रव्य, म्हणजे कॉर्टिसोन हे स्टिरॉइड, एका तरुण स्त्रीला टोचले गेले आणि अंथरुणाला खिळलेली ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल व राइकस्टाइन यांना नोबेल मिळाले. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यावर मात्र हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, संसर्ग अशा गोष्टी समोर आल्या.

फरक असा की कॉर्टिसोन का काम करते हे ते दिल्यानंतर पुष्कळ वर्षांनी कळू लागले. मैनी आणि फेल्डमन आधी सांध्यात काय चालले आहे ते शोधत गेले आणि मग नेमके एक द्रव्य अडवले. कॉर्टिसोनचा अनुभव संधिवाततज्ज्ञांच्या एका संपूर्ण पिढीच्या मनावर कोरलेला होता, म्हणूनच अंध चाचण्यांचा आणि दीर्घ पाठपुराव्याचा इतका आग्रह धरला गेला असे मला वाटते.

पारसिक

मी ठाणे–बेलापूर पट्ट्यात जैविक औषधांच्या निर्मितीत काम करतो, त्यामुळे किमतीबद्दल लिहितो, कारण ही चर्चा त्याशिवाय अपुरी राहील.

ही औषधे गोळीसारखी रासायनिक क्रियेने बनत नाहीत. ज्या पेशींत प्रतिपिंडाचे जनुक घातलेले असते, त्या पोलादी टाक्यांमध्ये ठरावीक तापमान, प्राणवायू आणि पोषणद्रव्यांत वाढवाव्या लागतात, आणि त्यांनी सोडलेले प्रथिन टप्प्याटप्प्याने शुद्ध करावे लागते. एका टप्प्यात थोडा बदल झाला तरी प्रथिनावरील साखरेच्या साखळ्या बदलतात, आणि मग ते तेच औषध आहे हे पुन्हा सिद्ध करावे लागते. इन्फ्लिक्सिमॅबचा काही भाग उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेला आहे, म्हणूनच कळवेकरांनी सांगितलेली विरोधी प्रतिपिंडे तयार होण्याची अडचण त्यात अधिक जाणवली. अमेरिकेत २००२ च्या अखेरीस मान्यता मिळालेले ॲडॅलिम्युमॅब पूर्णपणे मानवी प्रतिपिंड आहे.

भारतात डिसेंबर २०१४ मध्ये झायडस कॅडिलाने ॲडॅलिम्युमॅबचे जगातील पहिले बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी मिळतेजुळते दुसऱ्या कंपनीचे औषध) बाजारात आणले आणि मूळ औषधाच्या मानाने किंमत पुष्कळ उतरली. आमच्याच पट्ट्यात रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या केंद्रात बायोसिमिलर तयार होतात. १९९२ साली लंडनमध्ये २० रुग्णांना देण्यापुरते औषध मिळवताना ज्या खटपटी कराव्या लागल्या, त्या वर्गातील औषध आज येथे टाक्यांनी तयार होते. तरीही मध्यमवर्गीय कुटुंबाला ते वर्षानुवर्षे घेणे जड जाते, आणि बाह्यरुग्ण उपचार म्हणून विम्यात ते बसवणे हा वेगळाच झगडा असतो.

ऐरोलीकर

पारसिक दादा, विम्याचे अगदी खरे आहे. डे-केअरमध्ये सलाइनमधून घेतले तर दावा मान्य होण्याची थोडी शक्यता, घरी टोचून घेतले तर बहुधा नाहीच.

खाडीपूल

मैनी पंजाबात जन्मले, पण त्यांचे सर्व काम इंग्लंडमध्ये झाले. येथे राहून संधिवातात संशोधन करणाऱ्या कोणाची कारकीर्द या मापाची आहे का? की आपण नेहमीप्रमाणे बाहेर गेलेल्यांचाच अभिमान बाळगायचा?

नौपाडाकर

माप कोणते धरायचे यावर ते अवलंबून आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन सांधे व स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या कॉपकॉर्ड नावाच्या उपक्रमाचा ती भाग होती. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी साधारण १८ टक्क्यांना अशी दुखणी होती आणि आमवात सुमारे ०.५ टक्क्यांना. यापूर्वी आपल्या ग्रामीण भागात हा आजार किती आहे याचा अंदाज शहरातील रुग्णालयांच्या नोंदींवरून बांधला जाई. उजनीच्या पाणलोटाकाठच्या एका गावाने जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांना हे आकडे दिले. आयुर्वेदिक औषधांच्या शिस्तबद्ध चाचण्या आणि चिकुनगुनियानंतर रेंगाळणाऱ्या सांधेदुखीचा अभ्यास हीदेखील चोप्रांची कामे आहेत.

मैनींनी आजाराच्या मुळाशी काय आहे ते शोधले, चोप्रांनी आजार कोणाला आणि किती आहे ते शोधले. दोन्ही कामे रुग्णाच्या अंगाला हात लावल्याशिवाय होणारी नव्हती. मला दुसरे काम पहिल्याहून कमी वाटत नाही.

येऊर

हे मान्य. आणि यात गावातील पाहणी करणारे कार्यकर्तेही आले, हेही नमूद करावे.

मासुंदा

मी फारसे लिहीत नाही, पण सर्व प्रतिसाद वाचले. माझी मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला संधिवातशास्त्राकडे जायचे आहे. नातेवाईक सांगतात की या शाखेत ना शस्त्रक्रिया, ना तातडीची प्रकरणे, त्यामुळे नाव आणि उत्पन्न दोन्ही कमी. संशोधनाचीही तिला ओढ आहे. कळवेकर सर, तिला काय सांगावे?

कळवेकर

मार्ग असा आहे: आधी एमडी मेडिसिन किंवा बालरोग, त्यानंतर प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचा डीएम हा अतिविशेषज्ञतेचा अभ्यासक्रम. डीएमच्या जागा देशात फार थोड्या आहेत, त्यामुळे काही जण फेलोशिपच्या वाटेने जातात. उत्पन्नाची चिंता तिने करू नये. ठाणे आणि नवी मुंबईची वस्ती पाहता संधिवाततज्ज्ञ कमीच आहेत. आजही अनेक रुग्ण परळ-दादरपर्यंत जातात.

संशोधनाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी इतके रुग्ण असतात की प्रत्येकाचे २८ सांधे मोजून, त्याची नोंद करून, पुढच्या खेपेला तिच्याशी तुलना करणे हे ठरवल्याशिवाय होत नाही. आणि जे मोजलेले नाही त्यावर संशोधन करता येत नाही. एमडीचा प्रबंध हा तिच्यासाठी पहिला प्रसंग असेल. तो केवळ पदवीपुरता न करता, आमवाताच्या रुग्णांचा एखादाच नेमका प्रश्न घेऊन करावा: लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत किती काळ गेला, त्या काळात रुग्ण कोणाकडे गेला, आणि तोवर एक्स-रेत काय बदल झाले. ऐरोलीकर ताईंनी जे लिहिले तेच शंभर रुग्णांबाबत नीट नोंदवले तर ठाणे जिल्ह्यापुरती का होईना, उपयोगी माहिती हाती येईल. मार्गदर्शक निवडताना प्राध्यापकांचे नाव किती मोठे आहे यापेक्षा ते आठवड्यातून किती वेळा स्वतः रुग्ण तपासतात हे तिने विचारावे, आणि एमडीच्या पहिल्या वर्षीच संख्याशास्त्र शिकून घ्यावे. ते नंतर शिकायला वेळ मिळत नाही.